चौदा चार्ट झाले, तरी शेठ एक्सेलची प्रिंटच मागतात

वाचकाचं पत्र:

ताई, मी फोंड्याला एका होलसेल डिस्ट्रिब्युटरकडे अकाउंट्स आणि एमआयएस, म्हणजे धंद्याच्या आकड्यांचे रिपोर्ट, बघते. साबण, तेल, बिस्किटं, रवा-मैदा, मसाले असा माल आम्ही गोवाभर दुकानांना, हॉटेलांना आणि सीझनमध्ये किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना देतो. शेठ म्हणाले आता सगळे डॅशबोर्ड करतात, आपण पण करूया. मी रात्री व्हिडिओ बघून पॉवर बीआय हे डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर शिकले, दोन महिने खपून रिपोर्ट केला, चौदा चार्ट, एक नकाशा, आठ स्लायसर म्हणजे निवडायची फिल्टर-बटणं. दाखवला त्या दिवशी सगळे छान म्हणाले आणि नंतर कोणी उघडलाच नाही. शेठ अजून सकाळी म्हणतात, ती एक्सेलची प्रिंट दे गो. वर आमचा सगळ्यात जुना सेल्समन चिडलाय, कारण त्याच्या नावापुढे सप्टेंबर २०२५ ला मोठा लाल बाण येतो आणि तो म्हणतो तुझा कॉम्प्युटर खोटं सांगतो. स्क्रीनशॉट पाठवतेय. माझं कुठे चुकलं? की आमच्यासारख्या धंद्याला हे लागतच नाही?
— एक वाचक, फोंडा

उत्तर:

बाय, पत्र वाचलं आणि स्क्रीनशॉट मोठा करून दोनदा बघितला. दिवसभर ऑफिस करून रात्री शिकून तू टॅली ह्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधला डेटा पॉवर बीआयमध्ये आणलास, टेबलं जोडलीस, हे काम सोपं नाही, मी स्वतः बारा वर्षं एका हॉटेलात एमआयएस बघितलंय म्हणून मला माहीत आहे त्यात किती जीव जातो. तुमच्या धंद्याला हे लागतं, आणि इतरांपेक्षा जास्त लागतं, कारण उधारी, एक्सपायरी आणि सीझन ह्या तिन्ही गोष्टी तुम्हाला एकाच वेळी सांभाळायच्या असतात. फक्त तू सुरुवात केलीस ती तुझ्याकडे जो डेटा होता तिथून, शेठ सकाळी जे विचारतात तिथून नाही. सगळं त्यातूनच झालंय असं मला वाटतं.

तेव्हा आधी ती एक्सेलची प्रिंट घे आणि समोर ठेव. शेठ त्यावर पेनाने कुठे खूण करतात? कुठला कॉलम बघून फोन उचलतात? एक आठवडा फक्त वहीत लिही, सकाळी नऊ ते दहा ते कोणाला काय विचारतात. माझा अंदाज आहे की चारपाचच प्रश्न निघतील. काल किती बिलिंग झालं, कोणाचे पैसे आले, कुठल्या पार्टीचे राहिलेत आणि आज तिला माल सोडायचा की नाही, गोडाऊनमध्ये काय संपत आलंय. तुझ्या चौदा चार्टांत ह्यातल्या एकाचंही उत्तर मला एका नजरेत सापडलं नाही, 'ब्रँडवाइज सेल्स कॉन्ट्रिब्युशन' सापडलं, पण ते शेठना तोंडपाठ असणार, वीस वर्षं तेच विकतायत ना. पहिल्या पानावर त्या चार प्रश्नांची उत्तरं ठेव, शेठ जसं विचारतात त्याच शब्दांत. चार्टचं टायटल 'आउटस्टँडिंग बाय पार्टी' नको, 'कोणाकडून किती यायचेत' असं लिही. पॉवर बीआयमध्ये देवनागरी चालते, घाबरू नको.

आता दुसरी गोष्ट, आणि ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण रिपोर्ट न उघडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. विश्वास. माझ्या हॉटेलातलं सांगते. मी ऑक्युपन्सीचा रोजचा रिपोर्ट केला होता, एका सकाळी मॅनेजरच्या हातातल्या फ्रंट ऑफिसच्या कागदावर विकलेल्या खोल्या माझ्या रिपोर्टपेक्षा दोन कमी होत्या. चूक कोणाचीच नव्हती, दोन खोल्या कॉम्प्लिमेंटरी, म्हणजे फुकट दिलेल्या, मी त्या विकलेल्यांत धरल्या होत्या आणि त्यांनी धरल्या नव्हत्या. पण मॅनेजरनी माझा कागद बाजूला सारला तो तीन महिने परत हातात घेतला नाही, आणि त्या तीन महिन्यांत मी किती सुंदर ग्राफ केले असतील त्याचा काही उपयोग झाला नाही. दोन खोल्यांच्या फरकाने एवढं होतं. म्हणून सांगते, एकही चार्ट काढायच्या आधी गेल्या सहा महिन्यांची विक्री टॅलीतल्या आकड्याशी रुपयापर्यंत जुळव. आणि जुळवताना अकाउंट्समधल्या सगळ्यात जुन्या माणसाला शेजारी बसव, त्याने हो म्हटलं की शेठ हो म्हणतात.

टॅलीतून एक्सेलला एक्सपोर्ट करून घेतेस ना? स्क्रीनशॉटमधल्या आकड्यांवरून तसंच वाटतंय. मग हे तपास. खाली 'ग्रँड टोटल' ची ओळ येते, ती पॉवर क्वेरीत, म्हणजे डेटा साफ करायच्या भागात, फिल्टर करून काढली नाहीस तर महिन्याची विक्री बरोब्बर दुप्पट दिसते, आणि एखाद्याच महिन्याच्या फाईलमध्ये ती राहून गेली असली तर तो महिना सगळ्यात भारी दिसतो आणि लोक त्याची कारणं शोधत बसतात. पार्टीचं नाव एकदाच येतं आणि खाली आयटमच्या ओळी रिकाम्या नावाने येतात, तिथे फिल डाउन, म्हणजे वरचं नाव खालच्या ओळींत भरणं, करायला लागतं. वरच्या कंपनीच्या नावापत्त्याच्या ओळी काढायला लागतात. क्रेडिट नोट वेगळ्या रजिस्टरमध्ये असतात, माल परत आलेला वजा न करता विक्री दाखवलीस तर सेल्समन खूश होतील पण शेठना लगेच कळेल की हे खरं नाही. दर महिन्याची फाईल एका फोल्डरमध्ये टाक आणि पॉवर क्वेरीला तो फोल्डरच दे, म्हणजे साफसफाई एकदाच लिहायची, पुढच्या महिन्याला फाईल टाकून रिफ्रेश. टॅलीला ओडीबीसी नावाच्या जोडणीने थेट पण जोडता येतं, पण आधी फोल्डरने जम बसू दे.

गावांच्या नावांचं बघ. आपल्या गोव्यात हा घोळ मोठा आहे, कारण एकाच गावाला दोन-दोन नावं आणि तीन-तीन स्पेलिंगं. कोणी बिलावर म्हापसा टाकतो कोणी मापुसा, पणजी आणि पंजिम, मडगाव आणि मार्गाव, डिचोली आणि बिचोलिम, साखळी आणि सांकेली, काणकोण आणि कानाकोना. मशीनला ही सगळी वेगवेगळी गावं वाटतात, तुझ्या गावांच्या चार्टमध्ये मला म्हापसा दोनदा दिसलं, एकदा तिसऱ्या नंबरवर आणि एकदा अकराव्या. दोन्ही एकत्र केलं तर कदाचित म्हापसाच पहिलं येईल. ह्यावर एकच उपाय, एक छोटं टेबल कर, डाव्या कॉलमला बिलावर येणारी सगळी रूपं, उजव्याला आपलं ठरवलेलं एकच नाव आणि त्यापुढे तालुका, आणि ते टेबल पार्टीच्या टेबलाला मर्ज कर. नवीन रूप आलं की टेबलात एक ओळ वाढवायची, झालं. आणि नकाशा मात्र काढून टाक बाय. तो गावाचं नाव वाचून ठिपका कुठे ठेवायचा ते स्वतः ठरवतो, फोंडा म्हटल्यावर सिंधुदुर्गातलं फोंडाघाट पण आहेच, आणि बरोबर जागी ठेवला तरी पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे ठिपके बघून शेठना काय नवीन कळणार? तालुक्यांचा साधा आडवा बार चार्ट लाव, मोठ्यापासून लहानापर्यंत, ते लगेच वाचतील.

आता तुझ्या सेल्समनचा लाल बाण. मला वाटतं तो बरोबर आहे, आणि तुझा कॉम्प्युटर पण खोटं सांगत नाही, तू प्रश्न चुकीचा विचारलास. २०२४ मध्ये चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, ७ सप्टेंबरला होती. म्हणजे सप्टेंबरचे पहिले सहा दिवस पूर्ण चवथीची गर्दी, नेवऱ्यांचा (करंज्यांचा) रवा-मैदा, साखर, तेल, गूळ, दुकानदार शेवटच्या दिवसापर्यंत माल मागत असणार. २०२५ मध्ये चवथ आली २७ ऑगस्टला, ती सगळी विक्री ऑगस्टमध्ये झाली आणि सप्टेंबर उजाडला तो चवथीनंतरच्या सुस्तीत. तू 'सेम पिरियड लास्ट इयर' वापरून सप्टेंबरसमोर सप्टेंबर ठेवलास, ते फंक्शन बिचारं इंग्रजी कॅलेंडर बघतं, त्याला चवथ काय माहीत. आणि २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे हाच चार्ट तसाच ठेवलास तर सप्टेंबर २०२६ ला हिरवा बाण येईल आणि ऑगस्टला लाल, कोणी काही जास्त किंवा कमी न करता.

ह्यावर अवघड फॉर्म्युला लागत नाही. तुझ्या तारखांच्या टेबलात एक कॉलम वाढव, 'चवथीला उरलेले दिवस'. प्रत्येक वर्षाची चवथीची तारीख एका छोट्या टेबलात लिही, २०२३ ची १९ सप्टेंबर, २०२४ ची ७ सप्टेंबर, २०२५ ची २७ ऑगस्ट, आणि प्रत्येक दिवसासाठी वजाबाकी. मग लाईन चार्टमध्ये आडव्या अक्षावर हा कॉलम घे, चवथीच्या आधी चाळीस दिवसांपासून नंतर दहा दिवसांपर्यंत, आणि प्रत्येक वर्षाची वेगळी रेघ. तिन्ही रेघा एकावर एक येतील आणि तेव्हा खरं दिसेल की ह्या वर्षी दुकानदारांनी माल लवकर उचलला की उशिरा, जास्त की कमी. हा एक चार्ट जुन्या सेल्समनला दाखव, तो खुर्ची ओढून बसेल, कारण हे गणित तो कित्येक वर्षं डोक्यात करत आलाय. कार्निव्हलचं पण असंच आहे, तो २०२४ ला १० फेब्रुवारीला सुरू झाला आणि २०२५ ला थेट १ मार्चला, हॉटेल पार्ट्यांची फेब्रुवारीची तुलना करताना लक्षात ठेव.

आणि त्याच सप्टेंबरमध्ये आणखी एक झालंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. साबण, हेअर ऑइल, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं हे १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं, म्हणजे तुमच्या गोडाऊनमधला बराच माल. तुझ्या विक्रीच्या आकड्यात टॅक्स धरलेला आहे असं मला वाटतं, कारण कार्डवरचा आकडा बिलाच्या एकूण रकमेसारखा दिसतो. तसं असेल तर बघ, शंभर रुपयांचा माल आधी ११८ ला दिसायचा तो आता १०५ ला दिसतो, एकही पेटी कमी न विकता ११ टक्के विक्री पडलेली दिसणार. शिवाय त्याच्या आधीचे दोनतीन आठवडे दर कमी होणार म्हणून दुकानदारांनी हात आखडता घेतला असेल तर तेही त्याच महिन्यात. म्हणजे बिचाऱ्या सेल्समनवर एकाच महिन्यात तीन ओझी पडली आणि रिपोर्टने त्याला एक लाल बाण दिला. विक्री नेहमी टॅक्सेबल व्हॅल्यूवर, म्हणजे टॅक्स सोडून, दाखव आणि शेजारी पेट्यांची संख्या पण दाखव, रक्कम आणि नग दोन्ही पडले तरच काळजी. आणि त्याला जाऊन सांग की तू बरोबर होतास, मी दुरुस्त करतेय. रिपोर्ट चालायला ह्याच्याइतकी उपयोगी गोष्ट नाही.

तारखांवर आहोत तर अजून एक. तुझ्या 'इयर टू डेट' कार्डवर वर्ष जानेवारीपासून सुरू होतंय. ऑप्शन्समध्ये जाऊन ऑटो डेट टाइम बंद कर, तारखांचं वेगळं टेबल बनव, त्याला मार्क ॲज डेट टेबल कर, आणि 'टोटल वायटीडी' वापरतेस त्यात शेवटी वर्षअखेर ३१ मार्च असं द्यायची सोय आहे, ती दे. नाहीतर सीए आले की ते त्यांचा आकडा काढतील, तुझा वेगळा निघेल, आणि परत तीच दोन खोल्यांची गोष्ट.

मार्जिनच्या टक्क्यांबद्दल. तू प्रत्येक बिलाची टक्केवारी कॉलममध्ये काढून त्याची सरासरी घेतलीस, चार्टवर 'ॲव्हरेज ऑफ मार्जिन' असं तिथे लिहिलेलंच आहे. ते बदल. दोन हजारांच्या बिलावर २० टक्के आणि पन्नास हजारांच्या बिलावर ४ टक्के असतील तर तुझा चार्ट १२ टक्के म्हणतो, पण प्रत्यक्षात बावन्न हजारांवर चोवीसशे रुपये सुटलेत, म्हणजे ४.६ टक्के. हा फरक धंदा बुडवू शकतो, कारण बारा टक्के बघून कोणीतरी स्कीम देऊन बसेल. टक्केवारी कधीही कॉलममध्ये नको, मेजर (निवडीप्रमाणे मोजणारं सूत्र) लिही, एकूण मार्जिन भागिले एकूण विक्री, 'डिवाइड' फंक्शनने. मग स्लायसरवर तालुका निवडा, ब्रँड निवडा, सेल्समन निवडा, दर वेळी ते नव्याने बरोबर मोजतं. इंटरॅक्टिव्ह रिपोर्ट इंटरॅक्टिव्ह होतो तो ह्या मेजरमुळे, बटणं नंतर येतात.

उधारीला पण एक वेगळा नियम आहे. विक्री महिन्यामहिन्याची बेरीज करता येते, उधारीची नाही. जानेवारीअखेर नऊ लाख येणं आणि फेब्रुवारीअखेर नऊ लाख येणं म्हणजे अठरा लाख नव्हे, तेच नऊ लाख असू शकतात. स्टॉकचंही तसंच. निवडलेल्या काळातला शेवटचा दिवस घ्यायचा, बस्स. आणि उधारीचं पान हे माझ्या मते तुझ्या रिपोर्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान व्हायला हवं, जे आत्ता नाहीच आहे. पार्टीवाइज येणं, त्यापुढे ३० दिवसांच्या आतले, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यावरचे. त्यात पार्टीचा प्रकार घाल, दुकान, हॉटेल, शॅक. कारण शॅकवाल्याचं गणित वेगळं, पावसाच्या आधी शॅक मोडायची असते, मे संपेपर्यंत तो किनाऱ्यावर असतो आणि नंतर त्याचा माणूस गावी गेलेला असतो, मग ऑक्टोबरपर्यंत फोन करत बसा. मार्च उजाडल्यावर शेठनी रोज सकाळी शॅकची उधारी बघितली पाहिजे, दुकानदाराची साठ दिवसांची उधारी आणि शॅकची साठ दिवसांची उधारी एकसारखी नाही. एप्रिलमध्ये शेठना 'ह्या सात शॅकवाल्यांकडून एवढे यायचेत' असं एका पानावर मिळालं तर ते प्रिंट मागायचं आपोआप बंद करतील.

आता दिसण्याबद्दल थोडंसं, ह्यात जास्त अडकायचं नाही. पाय चार्ट तीन आहेत, तिन्ही काढ. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल ह्या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं की माणसाचा डोळा एका रेषेवरच्या लांब्या जितक्या अचूक तोलतो तितके कोन तोलू शकत नाही, आणि तुझ्या एका पायमध्ये अकरा ब्रँड आहेत, त्यातला पाचवा मोठा की सहावा मोठा हे मला झूम करूनही कळलं नाही. बार घे, आणि बारचा अक्ष शून्यापासूनच सुरू कर, तुझा एक चार्ट चाळीस लाखांपासून सुरू होतो आणि त्यामुळे थोडासा फरक दुप्पट वाटतो. कार्डवर ३.७ मिलियन असं आलंय, शेठना ते मनात सदतीस लाख करून घ्यावं लागतं आणि ते तेवढा त्रास घेणार नाहीत. पॉवर बीआयच्या डिस्प्ले युनिट्समध्ये हजार आणि मिलियन आहेत, लाख नाहीत, म्हणून मेजरलाच एक लाखाने भाग आणि टायटलमध्ये 'लाख रुपयांत' लिही. लाल-हिरवा हा फरक पण कमी कर, पुष्कळ पुरुषांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत आणि ते सांगतही नाहीत. निळा आणि नारिंगी घे, बाणाबरोबर आकडा लिही.

आठ स्लायसरपैकी महिना, सेल्समन आणि तालुका ठेव, बाकीचे पाच काढ. आणि एक माहीत करून घे, तुझ्यासारख्या बनवणाऱ्याला वाटतं की बारवर क्लिक केलं की सगळं पान बदलतं हे किती छान, पण शेठनी चुकून कुठेतरी हात लावला, सगळे आकडे बदलले आणि परत कसं यायचं ते कळलं नाही, की ते परत हात लावत नाहीत. वर कोपऱ्यात मोठं बटण ठेव, 'पहिल्यासारखं करा', बुकमार्कने, म्हणजे पानाची मूळ स्थिती साठवून, होतं ते, पाच मिनिटांचं काम. पार्टीच्या नावावर राइट क्लिक करून तिचं सगळं पान उघडणारं ड्रिल थ्रू जरूर कर, तिच्या शेवटच्या बिलांची यादी, पैसे कधी आले, काय परत आलं. फोनवर पार्टी बोलत असताना हे उघडता आलं पाहिजे. आणि पानावर कुठेतरी 'डेटा कधीपर्यंतचा' ते लिहिलेलं असू दे, कारण ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून रिफ्रेश होण्यासाठी तिथे गेटवे नावाचं जोडणीचं सॉफ्टवेअर लागतं आणि तो कॉम्प्युटर चालू लागतो, पावसात लाईट गेली की कालचा आकडा आजचा म्हणून वाचला जातो.

शेठ रिपोर्ट कुठे बघणार? तुझा स्क्रीनशॉट मोठ्या मॉनिटरवरचा आहे, शेठ सकाळी गाडीत किंवा गोडाऊनच्या दारात फोनवर असतात. डेस्कटॉपमध्ये मोबाइल लेआउट असा वेगळा व्ह्यू आहे, त्यात पहिल्या पानाची चार उत्तरं एकाखाली एक लाव. आता शेअर करण्याचं. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण रिपोर्ट दुसऱ्याला नीट द्यायचा तर साधारणपणे देणाऱ्याला आणि बघणाऱ्याला दोघांनाही प्रो लायसन्स लागतं, आणि अकाउंटला कंपनीचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. हा खर्च शेठना आधीच सांग. इथे कोणीतरी तुला सांगेल की 'पब्लिश टू वेब' कर, लिंक मिळते, फुकट आहे. ते करू नको बाय, हात जोडून सांगते. ती लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला पासवर्डशिवाय सगळं दिसतं, तुमच्या पार्ट्या, त्यांची उधारी, तुमचं मार्जिन. सेल्समनला फक्त त्याच्याच पार्ट्या दिसाव्यात म्हणून रो लेव्हल सिक्युरिटी आहे, ती लावलीस तर त्यांना वर्कस्पेसमध्ये व्ह्यूअर म्हणूनच घाल, मेंबर केलंस तर त्यांना सगळं दिसतं.

आणि शेठ लायसन्सला नाही म्हणाले तर नाराज होऊ नको. वर सांगितलेलं बरचसं एक्सेलमध्येही होतं. पॉवर क्वेरी तिथेही आहे, पिव्होट आहे, स्लायसर तर एक्सेल २०१० पासून आहे. चवथीचा कॉलम, गावांच्या नावांचं टेबल, टॅक्सेबल व्हॅल्यू, हे सगळं तिथे जसंच्या तसं चालतं. शेठना प्रिंट हवी ना, त्याच फाईलमधून रोज एक पान प्रिंट काढून दे, चार उत्तरं, मोठ्या अक्षरांत. ज्या दिवशी ते त्या पानावर बोट ठेवून विचारतील की ही पार्टी जरा खोलून दाखव, त्या दिवशी लॅपटॉप पुढे कर.

जुनी फाईल मात्र डिलीट करू नको. चौदापैकी खालच्या डाव्या कोपऱ्यातला तो छोटा चार्ट, आयटमवाइज परत आलेला आणि एक्सपायर झालेला माल, तो चांगला आहे, खरंच चांगला, बहुतेक तुला स्वतःला तो कळलेला नाही म्हणून कोपऱ्यात गेलाय. दोन मसाल्यांची पाकिटं दर जुलै-ऑगस्टला परत येतायत असं त्यात स्पष्ट दिसतंय, पावसात शॅक बंद, हॉटेलं अर्धी रिकामी आणि आपण मेमध्ये नेहमीएवढाच माल मागवतो. तो शेठसाठी नाही, गोडाऊन बघणाऱ्या माणसासाठी आहे. मोठा कर, तारखांचा क्रम नीट लाव, आणि मेची ऑर्डर जायच्या आधी प्रिंट काढून त्याच्या हातात दे.